घोरपड कशाला चिकटली?

माझी सून अँटीबॉडी शोधते. शरीरात रोगाचं विष शिरलं की त्याला पकडून निकामी करणारे हे कण आपलं रक्त स्वतःच तयार करतं, एवढं मला शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. मग रक्ताला जमतं ते काम करायला पगारी माणसं कशाला, हे कोडं मला सून घरात आल्यापासून पडलं होतं. एकदा भाजी निवडता निवडता तिला विचारलंच.

"अहो आई, तान्ह्या बाळांच्या रक्ताला वेळ लागतो," ती म्हणाली. "तोवर जंतूचं विष आपलं काम उरकून मोकळं होतं. म्हणून आम्ही आधीच शोधून ठेवायची, म्हणजे आयती टोचता येते."

"शोधायची कुठे?"

"कोट्यवधी निरनिराळ्या अँटीबॉडी एका नळीत असतात. त्यातली नेमकी विषाला धरणारी हवी."

तिने एक वाटी पुढे ओढली. "ही समजा आमची प्लास्टिकची खळगी. तळाला विष चिकटवायचं. मधेमधे मोकळं प्लास्टिक राहतं, त्याला कुणीही चिकटेल. म्हणून दूध ओतून ती जागा भरून टाकायची. मग अँटीबॉडी ओतायच्या आणि खळखळून धुवायचं. जी वाहून जात नाही ती आपली."

"दूध? आपलं प्यायचं?"

"पावडरचं. साय काढलेलं."

"आई, तिला जास्त विचारू नकोस," मुलगा बाहेरून ओरडला. "उद्यापासून कपबश्यासुद्धा तीन-तीनदा धुवायला लावेल!"

"तू एकदा तरी धू, मग बोल," सुनेने बसल्या जागेवरून परतवलं.

पुढे त्यांना एक अँटीबॉडी सापडली. कितीही धुवा, सुटायचं नाव नाही. सुनेच्या सहकाऱ्याने, ज्याला घरात आम्ही घाईमास्तर म्हणतो, तिचं नाव घोरपड ठेवलं. नाव ठेवायला मुहूर्तही बरा होता. त्यांच्या मोठ्या बाई सोमवारी ठरवणार होत्या की दोन गटांपैकी कुणाचं काम पुढे न्यायचं; दुसऱ्याचं कायमचं बंद. घोरपडीच्या जोरावर सुनेचा गट जिंकल्यात जमा होता. घाईमास्तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते.

सून मात्र शनिवारी जेवताना पोळी नुसती कुस्करत होती.

"काय गं, काय बिनसलं?"

"काही नाही. घोरपड जरा जास्तच चिकट आहे."

"चिकट हवीच होती ना?"

"हवी होती. पण इतकी?"

दुपारी माझा नवा चष्मा आणायला दोघी गेलो होतो. परतताना ती म्हणाली, "आई, प्रयोगशाळेत जरा डोकावू? सकाळी येऊन सगळं मांडून ठेवलंय. शेवटचा रंग तेवढा टाकायचा. तुम्हाला काचेबाहेर बसावं लागेल." मला तर तेच हवं होतं.

आत जाण्यापूर्वी तिने समजावलं, "डाव्या ओळीत विष आणि दूध. उजव्या ओळीत नुसतं दूध. घोरपड जिथे चिकटेल तिथे निळा रंग येईल. उजवीकडे पाणी तसंच्या तसं राहायला हवं."

"हे आधी नव्हतं पाहिलं?"

"पाहिलं होतं. पण वेळ वाचवायला मी विष नसलेल्या तयार खळग्या कपाटातून काढल्या. तिथे रंग आला नाही, पण त्यांत दूध नव्हतंच, दुसरंच प्रथिन भरलेलं होतं. काल आंघोळ करताना लक्षात आलं."

मी स्टुलावर बसले आणि नव्या चष्म्यातून टक लावून पाहत राहिले. डावी ओळ हळूहळू निळी झाली. मग उजवीही झाली. फिकी नाही, तितकीच गडद. सुनेने ती खळग्यांची पट्टी उजेडाकडे धरली, खाली ठेवली आणि हातमोजे काढले.

बाहेर आल्यावर तिने घाईमास्तरांना फोन लावला. त्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. "अगं, सोमवार पार पडू दे! एकदा काम चालू राहिलं की खरी शोधू. कुणाला कळतंय?"

"बाईंनी विचारलं, ही कशाला चिकटते, तर काय सांगू?"

"विषाला!"

"विषाला नाही चिकटत रे ती," सून म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी ती लवकर घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "गेलं आमचं काम. दुसऱ्या गटाचं घेतलं. मंगळवारपासून मीही त्यांच्यातच."

"बाई रागावल्या?"

"चूक कुणाची विचारलं. माझी, म्हटलं. मग त्यांनी दुसऱ्या गटाची फाइल पुढे ओढली."

"म्हणजे इतकी वर्षं घालवून तुम्ही दूध शोधून काढलंत," मुलगा म्हणाला. "गवळ्याला विचारायचं होतंत!" मी डोळे वटारले, पण सून हसली. मग तिचे डोळे भरून आले. मी चहा टाकला. कप तसाच निवत राहिला.

"आई," निवलेला कप बाजूला सारून ती म्हणाली, "दुधात काय एकच गोष्ट असते? चार-पाच तरी प्रथिनं असतील. त्यातल्या नेमक्या कशाला धरून बसलीय ती?"

"आता कळून काय उपयोग?"

"ते नाही माहीत. बाई म्हणाल्या, नवं काम सांभाळून उरल्या वेळात काय हवं ते बघ."

तिने एक रिकामं पाकीट पालथं केलं आणि त्यावर पेनाने गोल काढायला लागली. मी खुर्ची जवळ ओढली.

"पहिल्या खळगीत काय घालशील?" मी विचारलं.