मिशीवाल्या नाण्याची सुट्टी मोड

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला सगळी गल्ली भिंगकाका म्हणायची. दिवसभर काच चाकावर धरायची, पाणी शिंपडायचं, कड उजेडात बघायची, पुन्हा घासायची. घरी आले की तेच डोळे नाण्यांवर. पण चकचकीत, मखमली डबीतली नाणी काकांना चालत नसत. "ज्याला कुणाच्या खिशाचा वास नाही ते नाणं कसलं? तो बिल्ला!" नाणं आपल्या हाती सुट्ट्या पैशांतूनच आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. फार तर मेहुण्याच्या हाती आलेलं चालेल, मेहुणा घरचाच.

शेजारचा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. नाण्यांवर कुठल्या पुढाऱ्याचं तोंड छापायचं यावरून तिथे अशी जुंपली, की शेवटी कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा वस्तू छापल्या. शिडी, बादली, कंदील, खुर्ची. मेहुणा तिकडे ट्रक घेऊन जायचा, त्याने ही सगळी आणून दिली. फक्त सगळ्यात लहान नाणं काही येईना.

"दाजी, ते एवढंसं असतं, खिशाच्या शिवणीतच हरवतं," मेहुणा म्हणाला. "त्यावर माणसाचं तोंड आहे म्हणे. मी काही निरखून पाहिलं नाही."

काकांनी रजा टाकली आणि काकूंना घेऊन बस पकडली.

सीमेवरच्या चौकीत शिपायाने त्यांचे कागद घेतले, मान वर केली आणि ताडकन उठून सलाम ठोकला. आतून साहेब आले, त्यांनीही ठोकला. मग साहेबांनी खिशातून लहानसं नाणं काढून काकांच्या गालाशी धरलं. तीच झुपकेदार मिशी, तेच फुगरे गाल, नाकावर तोच उंचवटा.

"अगंबाई, हे तर तुम्हीच!" काकू म्हणाल्या. "लग्नातल्या फोटोपेक्षा बरे आलात."

"पण मी इथे पहिल्यांदाच येतोय!"

"तो चेहरा कुणाचाच नाही हो," साहेब म्हणाले. "कुणी रुसू नये म्हणून कारागिराने मनानेच काढला. पण देशाकडे दुसरा चेहराच नाही. लोक कामाला निघताना यालाच नमस्कार करतात." त्यांनी नाणं पुढे केलं. "घ्या ना, तुमचंच आहे."

काकांचा हात पुढे गेला आणि मागे आला. "नको. सुट्ट्यांतूनच घेईन."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

गावात काकांनी केळी घेतली. केळीवाल्याने कानाला हात लावले. "तुमच्याकडून पैसे? शोभेल का मला?" चहावाला तेच म्हणाला. चांभाराने तर धडधाकट चप्पल ओढून घेऊन फुकट शिवली. पैसे कुणी घेईना, मग सुट्टे परत कुठून येणार? दुपारपर्यंत काकांच्या हातात कंगवे, छत्री आणि गजराचं घड्याळ जमलं, नाणं नाही. काकूंनी मात्र केसांच्या पिना घेतल्या, त्यांना ते नाणं लगेच परत आलं आणि तितक्याच लगेच त्यांनी ते वजनाच्या यंत्रात टाकलं.

"अगं, माझं नाणं!"

"तुमचं कसं? माझ्या सुट्ट्यांतलं ते. तुमच्या नियमात मेहुणा आहे, बायको नाही. माझं वजन घटलंय मात्र."

काका तडक न्हाव्याकडे गेले. "मिशी काढा."

न्हाव्याचा वस्तरा गळून पडला. "नाणं विद्रूप करणं गुन्हा आहे, साहेब. मला बायकापोरं आहेत."

"अहो, मिशी माझी आहे!"

"तुमची एक. आमच्याकडे लाखो आहेत. त्यांचं काय करू?"

शेवटी लॉजच्या न्हाणीघरात काकूंनीच कात्री चालवली, मग वस्तरा. काम झाल्यावर त्या बघतच राहिल्या. "असा ओठ होता होय! इतकी वर्षं बोलला नाहीत."

काका पुन्हा त्याच चहाच्या टपरीवर गेले. "ए बाबा, बाजूला हो, गिऱ्हाइकं खोळंबलीत," टपरीवाला खेकसला. काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दोन चहा घेतले. टपरीवाल्याने सुट्ट्या पैशांवरून कुरकुर करत ओली चिल्लर आपटली. त्यात ते होतं. चहाने चिकट झालेलं, कडेला झिजलेलं. काकांनी ते मुठीत धरलं आणि टपरीमागे जाऊन थोडं रडून घेतलं.

परत निघताना चौकीत साहेबांनी कागदावरचा फोटो पाहिला, मग काकांना पाहिलं. "कागद तर आमच्या नाण्यावरच्या माणसाचे आहेत. तू कोण रे?"

"मीच तो!"

"मिशी दाखव आणि जा."

मिशी काय, मागितली की उगवते थोडीच! दोघं लॉजवर परतले. पोटापाण्यासाठी काकांनी तिथल्या चष्मेवाल्याकडे काचा घासायला सुरुवात केली. चष्मेवाला कडक होता, कड जाड राहिली की ओरडायचा, आठवड्याची मजुरी मोजून द्यायचा, आणि तीही सगळी चिल्लरमध्ये. काकू बाजारात घासाघीस करायला शिकल्या. दोघांना ते दिवस बरे गेले.

एके सकाळी काका कामावर आले, तर चष्मेवाला त्यांच्या ओठावरच्या काळ्या रेघेकडे बघत उभाच राहिला. त्याने चाक बंद केलं, आपली खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बसा. आता तुम्हाला काचा घासायला कसं सांगू?"

"अजून आठ दिवस तरी सांगा की," काका म्हणाले.

त्याने मान हलवली. काकांनी हात धुतले, घासलेली शेवटची काच उजेडात धरून पाहिली, आणि काकूंना सामान बांधायला सांगायला निघाले.