नावामागची मोकळी जागा

वैजयंती टाइप करायला बसली की बाहेरच्याला वाटावं, आत कुणी लाह्याच भाजतंय. नारायणगावच्या क्लासात सरांनी शिकवलं होतं, शब्द संपला की अंगठा स्पेसवर. लग्नाआधी लागलेली ती सवय राजुरीच्या पाणीवापर संस्थेतही सुटली नव्हती.

यंदा संस्थेनं नवी सोय केली. आपल्या पाळीला फोनमध्ये नाव बोलायचं. नाव यादीत सापडलं की शेताचा व्हॉल्व उघडतो. प्रोग्रॅम वैजयंतीच्या पुण्यातल्या भाचीनं, आरतीनं लिहिला. नव्या सभासदांची नावं वैजयंतीनं भरली. त्यांत पहिली पाळी कुशाबाई औटींची.

त्या सकाळीच तावातावानं संस्थेत आल्या. "वैजू, मशीन मला वळखत न्हाई! काल लावल्याला कांदा माना टाकाया लागलाय, आन् लाइट दुपारपस्तोरच हाय!"

वैजयंतीनं यादी पाहिली. नाव अगदी बरोबर होतं. तरी तिनं पुसलं, विघ्नहराला हात जोडले आणि पुन्हा भरलं. कुशाबाई फोनमध्ये बोलल्या. "नाव सापडत नाही." पुन्हा पुसलं, पुन्हा भरलं. तेच!

"रेशनला मी हाय, मतदानाला मी हाय. पान्यालाच मेले व्हय गं?"

वैजयंतीनं आरतीला स्पीकरवर फोन लावला.

"आत्या, नाव लिहून झालं की ती उभी रेघ कुठं लुकलुकते? अक्षराला लागून?"

"नाही गं, जरा सोडून."

"मग नावामागं स्पेस पडलीय. आपल्याला दिसत नाही, पण मशीन तिलाही अक्षरच धरतं. म्हणून बोललेलं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही."

"अगं बाई, माझा अंगठा! दर वेळी मीच घातली की ती."

"हाताला सवय असायचीच, आत्या. शेवटची स्पेस प्रोग्रॅमनंच छाटायला हवी. ती ओळ माझ्याकडून राहिली. आत्ता घालते."

"सगळ्या छाटू नकोस हं, नाव-आडनाव चिकटेल."

"मधली ठेवते. शेपटी तेवढी कापते."

"काप बाई बिगीनं!" कुशाबाई ओरडल्या.

चहा निवायच्या आत आरतीचा फोन आला, "बोलून बघा." कुशाबाईंनी देवाला हाक मारावी तसं स्वतःचं नाव घेतलं. थोड्याच वेळात शेतावरून सुनेचा, रत्नाचा फोन आला, "आत्याबाई, पानी आलं!"

कुशाबाई तशाच निघाल्या. वैजयंती दारातून ओरडली, "अहो, चपला राहिल्या!"

"ऱ्हाऊ दे! चिखलात काय करायच्यात?"