ताब्यात

माझी नोकरी राज्यातल्या गुन्ह्यांचे तक्ते करण्याची. जिल्ह्याजिल्ह्यांतून आकडे येतात, आम्ही ते मागच्या वर्षांच्या शेजारी बसवतो. आलेख वर गेला की साहेबांचं तोंड उतरतं, खाली आला की सगळ्यांना चहा मिळतो. या तक्त्यांत मोठ्यांसाठी शब्द आहे 'अटक'. अठराच्या आतल्या पोरांसाठी मात्र 'ताब्यात घेतले' असंच लिहायचं, आणि त्यांना आरोपी न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. ते म्हणता म्हणता आमच्याच लोकांची जीभ अडखळते.

जरीपटका वस्तीत आमच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहते. नवरा वारलेला, पोरगा एकुलता. त्याने शाळा सोडली, टोळक्यात हिंडू लागला, तेव्हापासून तिचं एकच रडगाणं होतं, पोरगं ताब्यात राहिलं नाही. मागच्या वर्षी तो चोरीच्या मोटारसायकलवर सापडला, तशी ती धावत माझ्याकडे आली. गुन्ह्यांचे आकडे मांडणारा म्हणजे पोलीसच, अशी तिची पक्की समजूत. ती काढायचा नाद मी कधीच सोडलाय. सवयीने मी सांगितलं, अटक नाही, ताब्यात घेतलंय.

ती पायरीवर टेकली. "चला, कोणाच्या तरी ताब्यात आला," ती म्हणाली. "माह्या तर राहिलाच नाही गा भाऊ."

त्या शब्दाचा आमच्या तक्त्यातला अर्थ मी तिला सांगितला नाही. पोरगा निरीक्षणगृहातून सुटून आला तेव्हा तिने आमच्याकडे संत्र्याची बर्फी आणली, जणू मीच त्याला वळण लावलं होतं. मी ती खाल्लीसुद्धा. थोड्याच दिवसांत तो पुन्हा त्याच टोळक्यात दिसू लागला. मी दोनदा हटकलं, त्याने दोनदा हसून मान डोलावली.

या उन्हाळ्यात चाकू चालला. समोरचा वाचला, पोरगा पकडला गेला. ती आली, पण या वेळी धावत नाही.

"भाऊ, आताही ताब्यातच घेतलं न?"

"नाही. आता तो अठराचा झाला. अटक आहे."

ती या वेळी पायरीवर टेकली नाही.

"म्हणजे आता त्याले कोणीच ताब्यात घेणार नाही?"

मी आत जाऊन पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. यंदाच्या तक्त्यात तो मोठ्यांच्या रकान्यात जाईल, बालकांचा आकडा तेवढाच खाली येईल, आणि आम्हाला चहा मिळेल.