फुवांची टोपी आणि कॅमेऱ्याची पिन

माझ्या लग्नाची कॅसेट इतकी वर्षं माझ्याच कपाटात होती, पण ती मी एकदाही पाहिली नव्हती. ती ज्या कॅमेऱ्यात लागते तो कॅमेरा होता प्रकाशा गावी, माझ्या फुवांकडे. फुवा म्हणजे वडिलांच्या बहिणीचे, माझ्या फुईचे, यजमान. तो तळहाताएवढा कॅमेरा त्यांनी सुरतहून आणला होता आणि वडिलांना बजावलं होतं की शूटिंगवाला लावायचा नाही. वडिलांनी ऐकलं. शूटिंग झालं, कॅसेट वडिलांच्या हाती दिली, आणि त्याच संध्याकाळी फुवा रुसले.

मांडवात सगळ्या जावयांना माइकवर पुकारून टोपी, टॉवेल, नारळ दिलं, मला तेवढं वगळलं, असं त्यांचं म्हणणं. वडील म्हणायचे, मी स्वतः टोपी घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. पुरावा कॅसेटमध्ये. पण कॅसेट आमच्याकडे, कॅमेरा त्यांच्याकडे, आणि मागायला जायचं कोणी? दुःखाच्या प्रसंगाला फुवा यायचे. वडील गेले तेव्हा तर सगळ्यांच्या आधी आले आणि सगळ्यांहून जास्त रडले. शुभकार्याला मात्र नाही. ते नाहीत म्हणून फुईही नाही.

आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं. वडिलांच्या बाजूचं मोठं माणूस एकच उरलंय, फुई. ती मांडवात हवी म्हणजे हवीच. मी ठरवलं, फुवांना त्यांचंच शूटिंग दाखवायचं आणि हा विषय कायमचा मिटवायचा. वडील खरं बोलत होते याची मला खात्री होती. मी कॅमेरा मागितला.

"कॅमेरा घरना बाहेर जावाव नही," फुवा म्हणाले.

कॅसेट मीही सोडणार नव्हते. मग लॅपटॉपच नंदुरबारहून प्रकाशाला न्यायचं ठरलं. नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "टोपी विकत घेऊन दिली असती तर पेट्रोलपेक्षा स्वस्त पडली असती." मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

कॅमेरा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. बॅटरी मेलेली, पण चार्जरची वायर लावली की चालायचा. त्याचा छोटा पडदा काळा पडलेला. फुवांचा टीव्ही नवा, भिंतीला चिकटलेला, त्याला असल्या जुन्या पिनांची भोकंच नाहीत. लॅपटॉपची वायर मात्र कॅमेऱ्यात झटकन बसली. मला वाटलं जिंकलो! पडद्यावर फोटो आले दोन. एक फुवांच्या अंगठ्याचा, दुसरा म्हशीचा. त्या वायरीतून फोटोच येतात, शूटिंग येत नाही, हे नंतर कळलं.

पुढच्या खेपेला नंदुरबारच्या दुकानातून दुसरी वायर आणली. तिचं एक टोक कॅमेऱ्यात असं बसलं की जणू माहेरी आलं, आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉपमध्ये जागाच नाही. मी लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला. फुवा खाटेवरून म्हणाले, "उलटा करी दख." उलटा केला. खाली फक्त स्टिकर होतं. परत गेले तर दुकानदार म्हणाला, ताई, हे भोक आता कोणत्याच लॅपटॉपला येत नाही. मग हे विकताना का नाही सांगितलंत, असं मी विचारलं तर म्हणाला, तुम्ही वायर मागितली, लॅपटॉप कुठं दाखवला? माझं डोकं असं तडकलं की दुकानातलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं.

शेवटी त्यानंच एक डबी काढून दिली. एका बाजूला पिवळी, पांढरी, लाल पिन, दुसरीकडे लॅपटॉपची. तिसरी खेप. पहिल्यांदा चित्र आलं नाही, नुसती घरघर. नवऱ्यानं पिवळी पिन पांढरीच्या जागी लावली होती. ती अदलाबदल केली आणि पडद्यावर माझा मांडव उभा राहिला.

ही डबी कॅसेट जशी चालते तशीच उतरवून घेते, पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे सगळं बसून पाहावं लागलं. फुवांनी नवरीपेक्षा जिलेबीच्या कढईचं शूटिंग जास्त केलं होतं. मग माइकवर जावयांची नावं सुरू झाली. आम्ही सगळे पुढे सरकलो.

आणि वडील आले. हातात टोपी, टॉवेल, नारळ, थेट कॅमेऱ्याकडे बघत. "पाव्हना, टोपी घाला ना."

कॅमेऱ्यामागून फुवांचा आवाज आला, "मन्हा हात मोकळा नहीत. मंग द्या."

वडिलांनी तरी टोपी पुढे केली. टोपीनं सगळा पडदा पांढरा झाला. मागून फुवा ओरडले, "सरका, सरका! काहीच दखाय नही ऱ्हायनं!" वडील पोटभर हसले आणि निघून गेले. त्यांचं हसणं किती वर्षांनी ऐकलं, पण जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता. मी फुवांकडे वळले.

"बराबर शे," फुवा शांतपणे म्हणाले. "मी 'मंग द्या' म्हनेल व्हतं. मंग दिधी का कोनी?"

कॅसेट संपेपर्यंत आम्ही पाहिलं. कोणीच दिली नव्हती. वडील विसरले होते. 

बोलली ती फुई. "मंग द्या सांगता उनं, मंग मांगता नही उनं तुमले? तोंड काय शिवी ठेवेल व्हतं? मी लगनले जासू. तुमले येनं व्हई ते या." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माले भाऊनं तोंड परत दखाड."

मी दाखवलं. वडील पुन्हा हसले. फुई पदर तोंडाला लावून पाहत राहिली, आणि मीही रडले, लाज न वाटता.

नवरा केव्हा उठून गेला कळलं नाही. प्रकाशाच्या देवळाजवळच्या दुकानातून तो पांढरी टोपी आणि नारळ घेऊन आला. मी टोपी घेऊन उठले, तर फुईनं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच फुवांसमोर उभी राहिली.

"मन्हा भाऊकडथीन शे," ती म्हणाली.

फुवांनी मान खाली केली. तिनं टोपी घातली, दोन्ही हातांनी सारखी केली.  मग खालूनच आवाज आला.

"नीट बठनी का?"

"बठनी," फुई म्हणाली.