शेवंताचं माहेर

पितांबर डॉक्टरने धुळ्याच्या दवाखान्यात पहिला निबंध वाचला आणि भर सभेत स्वतःचं हसं करून घेतलं. साल छप्पन्न. पोरगा चोपड्याचा, नुकता डॉक्टर झालेला, बाळंतपणाच्या वॉर्डात उमेदवारी करणारा. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या दिल्या तर अंगातलं रक्त किती वाढतं, हा विषय. त्यासाठी त्याने मुद्दाम पहिलटकरणी निवडल्या. सातव्या महिन्यानंतर त्यातल्या बहुतेक जणी फिरकल्याच नाहीत. मग याने घसा खाकरून निष्कर्ष ठोकून दिला, की खानदेशातल्या बायका औषधाबाबत बेफिकीर आहेत.

मागच्या बाकावरच्या नर्सनी तोंडाला रुमाल लावले. त्याला शिकवणाऱ्या डॉक्टर सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत.

"पितांबर, तुझी बहीण कुठे बाळंत झाली?"

"आमच्याकडे, चोपड्याला. पहिलंच होतं ना, बाई."

बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

"मग तुझ्या पहिलटकरणी काय भुसावळच्या फलाटावर बसल्यात?"

सभा संपल्यावर बाईंनी त्याला खोलीत बोलावलं, चहाचा कप पुढे सरकवला. "शेवंता कुठेय?"

पितांबरने कप खाली ठेवला. त्याच्या पहिलटकरणींत सगळ्यांत पांढरी पडलेली पोरगी ती. बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं तरी हाती लागायची नाही.

"माहेर कुठलं तिचं?"

"विचारलं नाही."

"नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं गाव, नवऱ्याचा धंदा, सगळं विचारलंस. अभ्यास नवऱ्याचा चाललाय का? जा, तिला घेऊन ये. निबंध मागाहून बघू."

शेवंताच्या सासूने माहेरचं गाव सांगितलं तेव्हा तो आणखीनच ओशाळला. ते त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. एस.टी. धरून तो तिथे पोचला, तर केळीच्या बागेतल्या पाटाच्या चिखलात नव्या बुटाचा पाय असा रोवला, की पाय वर आला, बूट आत राहिला.

शेवंताचा बाप लोटन बांधावर उभा राहून मनसोक्त हसला. मग स्वतःच्या वहाणा काढून त्याने पुढे केल्या. "घाल, डाक्टर. तू कोना पोरगा शे?"

ओळख निघाली, चहा झाला. गोळ्यांचा विषय काढल्यावर शेवंताची आई धुरपदाबाई चुलीपुढून बोलली, "त्या म्या बंद करी टाक्यात. गोळ्यास्नी पोर मोठं व्हस. मंग सुटका कशी व्हई?"

पितांबरला हे कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं, आणि त्यानेही कधी कुणा आईला विचारलं नव्हतं. आता मात्र तो चुलीपुढेच बसला. गोळीने पोर नाही, आईचं रक्त वाढतं, हे त्याने परत परत सांगितलं. शेवंताच्या पापण्या उलटवून आतला पांढरटपणा आईलाच दाखवला. धुरपदाबाईने मग स्वतःच्या बोटाने लेकीची पापणी ओढून पाहिली.

"पन पहिलं बायतपन माहेरलेच व्हस," ती अखेर म्हणाली. "दवाखानामा कशी धाडू?"

"तुम्हीच चला, अक्का. तुमच्या हातचं खाईल, मग माहेरच झालं की."

"चूल मांडू देशात का माले?"

दवाखान्यामागे चूल मांडायला सुनंदाबाईंची सक्त मनाई होती. पितांबर बेधडक म्हणाला, "देऊ!"

धुळ्याला परतल्यावर त्याने हे सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या नियमावर तू उदार झालास होय?" मग शिपायाला विटा आणायला सांगितलं.

धुरपदाबाई भाकरीबरोबर गोळी स्वतःच्या हाताने द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. दिवस भरले तोवर शेवंताच्या ओठांवर रंग आला होता. बाळंतपणात रक्त गेलंच, सुनंदाबाई रात्रभर तिच्या खाटेजवळून उठल्या नाहीत. पण पोरगी वाचली, तिची लेकही.

पितांबरने अभ्यास नव्याने मांडला. आता पहिला प्रश्न असायचा, "माहेर कुठलं?" दुसरा, "गोळी कुणाच्या हातून घेता?" निबंध पुण्याला वाचला गेला. तिथे कुणी हसलं नाही, म्हणून परतल्यावर गडी जरा ताठ चालत होता.

"लोटनभाऊंच्या वहाणा परत दिल्यास?" बाईंनी विचारलं.

पितांबरने पायाकडे पाहिलं. त्या त्याच्याच पायात होत्या.