तीन तासांच्या आत

माझ्या थोरल्या बहिणीसमोर खोटं बोलायचं तर आधी तालीम लागते. ती चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते. म्हणून गेल्या मे महिन्यात, मालवणजवळच्या तिच्या घरी, भावोजी आंब्याच्या कलमावरून पडल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की दोन्ही हातांत एकेक आंबा घट्ट धरून ठेवला.

भावोजी साठीचे. आदल्या वर्षी त्यांना चक्कर आली होती आणि तेव्हापासून ताईनं त्यांना झाडावर चढायची बंदी घातली होती. त्या सकाळी ती बाजारात मासे आणायला गेली, आणि आम्ही दोघे मास्तर नसलेल्या वर्गातल्या पोरांसारखे परसात उभे. आंबे काढणारी माणसं आदल्या दिवशी येऊन गेली होती, पण शेंड्याला चार आंबे राहिलेच होते. भावोजींची नजर तिथेच. मी त्यांना अडवायला हवं होतं. मी मोबाइल काढून व्हिडिओ चालू केला आणि रेडिओवरच्या क्रिकेटसारखं समालोचन सुरू केलं.

"फलंदाज साठ वर्षांचो, पण काय ते पाय! वर, भावोजी, आजून वर! भियालात काय?"

"मी भितंय? गप रव, मेल्या!"

मोबाइल खिशात टाकून मी आंबे झेलायला सरकलो आणि वर फांदी मोडली. भावोजी डाव्या कुशीवर, चिऱ्यांच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर आदळले आणि तिथून खाली पाचोळ्यात. मग पाचोळ्यातून आवाज आला, "तिका सांगू नको हां."

ते उठले, चालले, हसलेसुद्धा. रक्ताचा एक थेंब नाही. फक्त बरगडीवरचा हात काही निघत नव्हता.

मग मी दिग्दर्शक झालो. त्यांचा सदरा बदलला, मोडलेली फांदी गुरांच्या गोठ्यामागे टाकली, त्यांना पडवीत खुर्चीत बसवून हातात पेपर दिला. दहाच्या सुमाराला ताई बांगडे घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"कित्याक एवढे गप बसलात दोघे?"

"गरम जाता," भावोजी पेपराआडून म्हणाले. ताईनं माझ्या हातांकडे पाहिलं. हातांत आंबे. ती आत गेली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

ती मजा अर्धा तासही टिकली नाही. भावोजींनी पाणी मागितलं, मग पुन्हा मागितलं. रात्रभर झोपलेला माणूस जांभयांवर जांभया देऊ लागला. मग हळूच मला म्हणाले, "खांदो दुखता रे. डावो." खांदा? आदळली बरगडी, मग खांदा कशाला दुखेल? मी कपाळाला हात लावला तर गार घाम. ओठ राखेच्या रंगाचे. तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, "वायच दम धरा, ती मासे साफ करता."

पावणेअकराला ते उठायला गेले आणि पडवीच्या पायरीवर ढासळले. ताई खवल्यांच्या हातांनी धावत आली. "काय झाला ह्यांका?"

"पायरेवरनं घसरले. आताच!"

कुणी विचारलं नव्हतं पायरीबद्दल. तोंडातून निघून गेलं.

गाडी मी चालवली. मागे ताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन सतत बोलत होती आणि ते कधी 'हूं' म्हणत होते, कधी नाही. एकेक 'हूं' मी मोजत होतो. दोन 'हूं'मधलं अंतर वाढलं की माझा पाय आपोआप दाबला जायचा.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पोटावर हात ठेवला, सदरा वर केला. डाव्या बरगड्यांवर जांभळा पट्टा उमटला होता.

"पायरीवरून?"

"होय," ताई म्हणाली. "अर्धा तास झाला असेल." ऑफिसात नाहीतर दवाखान्यात गेली की ती शुद्ध मराठी बोलते.

डॉक्टर तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. "पोटात रक्तस्राव होतोय. मोठ्या हॉस्पिटलला पाठवतेय, अँब्युलन्स सांगितली आहे. त्याआधी एक इंजेक्शन देता येईल. शरीर रक्ताची गुठळी करून गळती थांबवायला बघतं, पण तीच गुठळी विरघळतही असते. हे औषध ती टिकवून धरतं. बाळंतपणात फार रक्त गेलं तरी आम्ही हेच देतो. पण मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. नंतर दिलं तर उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. म्हणून मला खरी वेळ हवी. ही पायरीची जखम नाही."

ताईनं माझ्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

"झाडावरून पडले," मी म्हटलं. "सकाळी."

"किती वाजता?"

आणि इथे माझी जन्माची पंचाईत. मी कधीही कुठला आकडा नेमका सांगितलेला नाही. हातभर साप माझ्या गोष्टीत पुरुषभर होतो. "आठ... साडेआठ... नऊच्या आत..."

"अंदाज नको. आठ असतील तर वेळ गेली आहे. नऊ असतील तर आहे."

मोबाइल काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. व्हिडिओची वेळ बघायला गेलो आणि बोट भलतीकडे लागलं. त्या खोलीत, सलाइनच्या बाटल्यांखाली, माझाच आवाज दणाणला: "वर, भावोजी, आजून वर! भियालात काय?" ताई ऐकत उभी राहिली. एकदाही पापणी लवली नाही.

आठ वाजून एकेचाळीस मिनिटं. चित्रण जेमतेम अर्ध्या मिनिटाचं, आणि ते संपल्या संपल्या फांदी मोडली होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चोवीस.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "यांना आधी कधी पायात, फुप्फुसात गुठळी झाली होती? फिट येतात?" दोन्हीला ताई नाही म्हणाली. नर्सनं औषध बाटलीत मिसळलं, धार सुरू झाली. दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी घड्याळाकडे बघितलं नाही, थेंबांकडे बघितलं.

निघताना डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "पहिल्या तासात आला असतात, तर याचा जास्त उपयोग झाला असता. आणि या औषधानं जखम भरत नाही. ते काम आता पुढच्या हॉस्पिटलात."

अँब्युलन्समध्ये ताई बसली, मी मागून माझ्या गाडीनं. पुढची गाडी वळणावर हळू झाली की वाटायचं, आता थांबणार, आता दार उघडून कुणीतरी उतरणार.

डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती; खांदा दुखला तो पोटात साचलेल्या रक्तामुळे. रक्त चढवलं, ऑपरेशनची तयारी करून ठेवली आणि वाट पाहिली. बाहेरच्या बाकावर ताई माझ्यापासून एक जागा सोडून बसली होती. संध्याकाळी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डॉक्टरणीन इचारला नसता, तर तू सांगलं असतंस?"

ती उत्तराची वाटही न बघता डब्यातली पेज ओतू लागली. एकाच वाटीत, स्वतःपुरती.

ऑपरेशनशिवाय रक्त थांबलं. सर्जनना मी विचारलं, ते इंजेक्शनामुळे का? ते म्हणाले, एका माणसावरून तसं सांगता येत नाही. दिलं ते बरं केलं.

तिसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. भावोजींनी डोळे उघडले, आधी दाराकडे बघितलं, मग मला जवळ बोलावलं.

"सांगलंस काय तिका?"

"सगळा. व्हिडिओ सुदिक दाखयलंय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग डॉक्टरांका सांग, माका हयसर हॉस्पिटलातच ठेवा म्हणून."

आणि हसू फुटलं त्यांना. हसताना कूस दुखली, चेहरा वाकडा झाला, शेजारच्या यंत्रानं दोनदा टिणटिण केलं. मी हसलो नाही. मी नर्सला हाक मारली.