वाकडोबाची गंजकी प्लेट

एखादी गोष्ट सरळ मार्गाने होत असेल, तर वाकडोबाला ती करण्यात रसच नसे. लग्नाआधी मुलगी पसंत आहे एवढं सांगायला त्याने केवढा द्राविडी प्राणायाम केला! तिच्या घराचं गेट फुकट दुरुस्त करायला तो तीनदा गेला आणि दर वेळी ते थोडं बिघडवून आला. ‘‘गेट धड असतं तर मी सुटले असते,’’ असं त्याची बायको अजून म्हणते. वाकडोबा हे नाव त्याला गल्लीने ठेवलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

त्याची फॅब्रिकेशनची शेड होती. खिडक्यांच्या जाळ्या, विजेच्या पॅनेलचे डबे, कारखान्यांतल्या मशिनांची कव्हरं असलं काम. जवळजवळ सगळा माल पातळ पत्र्याचा. तो गॅसवर कापायचा, म्हणजे कडेला वितळलेल्या लोखंडाचा मळ चिकटायचा आणि तो ग्राइंडरने घासून काढावा लागायचा. हे घासण्याचं काम दाजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं. आई-वडील गेल्यावर वाकडोबा ताईच्याच घरी वाढला. हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर दिला तो दाजींनी आणि पहिली थप्पडही त्यांचीच. आता तो मालक झाला होता, तरी दाजी त्याला चारचौघांत ‘‘अरे गाढवा’’ म्हणायचे.

गॅस कटिंग आता पुरं पडेना. नवं मशिन घ्यायचं ठरलं आणि दोन विक्रेते शेडच्या दारात येऊन बसू लागले. प्लाझ्मावाला गडगडाटी आवाजाचा. त्याचं मशिन स्वस्त, दणकट, जाड-गंजकं काहीही कापणारं. पण कडेला मळ ठेवणारं. लेझरवाला इस्त्रीच्या शर्टातला, खुर्ची रुमालाने पुसून बसणारा. त्याचं मशिन महाग, पण पातळ पत्रा असा कापणारं की कडेवरून बोट फिरवावं आणि नुसतं बघत राहावं.

वाकडोबाच्या कामाला लेझरच हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी तो येईल त्याच्यापुढे प्लाझ्माचे गोडवे गायचा. कारण साधं होतं, फक्त ते तो कोणाला सांगत नव्हता. लेझर आलं की घासायला काही उरणार नाही. काम नसेल त्या दिवशीचा पगार दाजींनी उभ्या जन्मात घेतला नव्हता. ते सरळ घरी बसत. मग शेडमध्ये आपल्याला गाढव म्हणणारं कोण राहणार? या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

दाजींना काय हवंय ते विचारावं, हे मात्र त्याला सुचलं नाही. सुचली ती युक्ती.

‘‘तुमचीच प्लेट आणा, तुमच्यासमोर कापून दाखवतो,’’ लेझरवाला म्हणाला होता. वाकडोबाने शेडमागची जुनी प्लेट निवडली. गंजाचे पोपडे सुटलेली, त्यावर कधीकाळच्या रंगाचे डाग. गंज आणि लेझरचं जमत नाही, हे त्याने प्लाझ्मावाल्याकडून गोड बोलून काढून घेतलं होतं. लेझरची फजिती होईल, प्लाझ्मा येईल, दाजी राहतील. ‘‘दाजी, ही तेवढी गोणपाटात बांधून टेम्पोत चढवा,’’ असं सांगून तो शीळ घालत बाहेरच्या कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी लेझरवाल्याकडे गोणपाट सोडलं आणि वाकडोबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. प्लेट दोन्ही बाजूंनी चांदीच्या ताटासारखी लखलखत होती. मशिनने तिच्यातून नक्षीची जाळी अशी अलगद काढली की लेझरवाल्यानेच टाळी वाजवली. दाजी कोपऱ्यात उभे राहून छताकडे बघत होते.

परतताना टेम्पोत वाकडोबाचा बांध फुटला. ‘‘घासल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही का हो, दाजी? जित्याची खोड! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात!’’

‘‘खोड कसली? मुद्दाम घासली,’’ दाजी म्हणाले. ‘‘शेडमधलं सगळं सोडून ती सडकी प्लेट निवडलीस, तेव्हाच तुझा डाव कळला. तुला मी वाढवलंय, गाढवा.’’

‘‘मग घासलीत कशाला? मशिन आलं की तुमचं काम जाईल.’’

‘‘जाऊ दे. बोटं बधिर झालीत माझी. वर्ष होत आलं. ग्राइंडर बंद केला तरी हातात तो चालूच असतो. सकाळी शर्टाची बटणं तुझी ताई लावते. आज ती देवळात गेली होती, तर बघ.’’ त्यांनी हात पुढे केले. दोन्ही बाह्या मनगटाशी उघड्या होत्या.

‘‘सांगितलं का नाहीत?’’

‘‘सांगितलं असतं तर तू ग्राइंडर स्वतः धरला असतास. तुझीही बोटं गेली असती.’’

वाकडोबाने टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आडवळणाचं काही सुचेना.

‘‘दाजी, मशिन आलं तरी शेडवर याल ना? मला तुम्ही समोर लागता.’’

‘‘एवढंच विचारायचं होतं?’’ दाजी म्हणाले. ‘‘येईन की. ते मशिन बसून चालवायचं असतं, मी त्या इस्त्रीवाल्याला मघाशीच विचारून घेतलंय. आधी हे बटण लाव.’’

वाकडोबा खाली वाकून बटण लावू लागला. डोळे भरल्यामुळे त्याला काज काही केल्या दिसेना.